लाल रुमालाची घडी

एर्मेलिंदाने पेटीतला लाल लोकरी रुमाल उजेडात धरला आणि घडीच्या रेघेवर नख फिरवलं. कापड दोन वर्षं न उलगडता पडून राहिलं की रेघ धारदार होते. ही बोथट होती. शिवाय तिने रुमाल ठेवला तेव्हा मोठा गुलाब वर होता. आता तो आत दुमडला गेला होता. तिने वास घेतला. कापराच्या जागी खाऱ्या वाऱ्याचा वास आला.

तिच्या मुलाची, झेफेरिनोची, होडी परतली नाही तेव्हा तिनेच सुनेच्या डोक्यावर काळा रुमाल बांधला होता आणि हा लाल पेटीत घातला होता. विधवेचा लाल रुमाल पुन्हा बाहेर निघतो तो दुसऱ्या लग्नालाच, हे किनाऱ्यावरच्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं. सून आल्बेर्तिना गेली, तर या घरात सूप एकाच वाडग्यात वाढायचं उरणार होतं.

शेजारच्या कुश्तोदियाने सार्डिन साफ करता करता खडा टाकून पाहिलाच होता.

"तुझी सून दर गुरुवारी शेवाळ वेचायला जाते आणि टोपली कोरडीच आणते. भलतंच लाजाळू शेवाळ आहे गं तिकडचं."

एर्मेलिंदाने तेव्हा हसून वेळ मारून नेली होती.

गुरुवारी दुपारी ती अंतर राखून सुनेच्या मागे निघाली. पवनचक्कीपलीकडे आल्बेर्तिना थांबली. तिने काळा रुमाल सोडून टोपलीत ठेवला, लाल बांधला, गाठ दोनदा चाचपली. एर्मेलिंदा भिंतीआड उभी राहिली. आता कुणीतरी येईल, कोण ते एकदाचं कळेल.

कुणीच आलं नाही. आल्बेर्तिना शेवटच्या खडकावर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. बोटी परतायची वेळ झाली होती.

"कुणाची वाट बघतेस?" एर्मेलिंदाने मागून विचारलं.

आल्बेर्तिना दचकली. तिचा हात गाठीकडे गेला, पण तिने गाठ सोडली नाही.

"त्यांनी मला काळ्यात कधी पाहिलंच नाही, आई. लांबून ओळखतील कसे?"

बोटी एकेक करून धक्क्याकडे वळत होत्या. एर्मेलिंदाचा नवरा गेला तेव्हा झेफेरिनो चार महिन्यांचा होता. तेव्हापासून ती काळ्यातच होती; मुलाने तिला तशीच पाहिली होती. तिने हनुवटीखालची आपली गाठ घट्ट केली, काळ्या रुमालाची टोकं वाऱ्यावर मोकळी सोडली आणि सुनेच्या शेजारी, समुद्रावरून नीट दिसेल अशी, उभी राहिली.