ताईचं गाळलेलं प्रकरण

१९७४ साली धाकटीने कादंबरी लिहिली आणि ताईने ती टाइप केली. त्यातली खाष्ट मावशी म्हणजे हुबेहूब ताईच होती. एका प्रकरणात मात्र ती तापाने फणफणलेल्या भाचीला मांडीवर घेऊन बसते, जशी ताई धाकटीला घेऊन बसायची.

"हे काढा," संपादक म्हणाले. "वाचकांना मनसोक्त राग करायला कुणीतरी हवं."

धाकटीने ते काढलं. नवी प्रत ताईनेच टाइप केली.

"बरं झालं गं, तेवढीच माझी बोटं वाचली," ती म्हणाली. धाकटीची मान वर होईना.

पुस्तक हातोहात खपलं. मावशीला वाचकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. संपादक मोठे झाले. ताईने पुन्हा टाइपरायटरला हात लावला नाही. ती गेल्यावर धाकटीने नव्या आवृत्तीत ते प्रकरण परत घातलं. वाचकांनी कळवलं, "बाकी सगळं पटतं, एवढंच खोटं वाटतं."