सीतारामचा गरुड

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मला माणसे फारशी आवडत नाहीत. तरुणपणी मी आगबोटीवर होते. भाऊच्या धक्क्यावरून मी आफ्रिकेतल्या सिंहाचे किडके दात पाहिले आहेत. खोटे वाटते? तुमची मर्जी.

चौऱ्याऐंशी साली मी बोरिवलीच्या जंगलात रविवारी फुकट राबणाऱ्या पक्षीवेड्यांच्या हाती पडले. मंडळी बरीच, दुर्बीण एकच. म्हणून त्यांनी नियम केला, की ज्याच्या गळ्यात दुर्बीण, त्याला दिसेल ते खरे. आणि गळा कायम सीतारामचा. तो मला झाकण न लावता चिक्कीच्या पिशवीत कोंबायचा. गोडाच्या वासाने एक पंखवाली मुंगी माझ्या उजव्या नळीत शिरली आणि पंख पसरून तिथेच चिकटून मेली.

तेव्हापासून सीतारामला गरुड दिसू लागला. कान्हेरीवर गरुड, तुळशी तलावावर गरुड, मुलुंडच्या पाण्याच्या टाकीवरही गरुड. बाकीचे माना डोलवायचे. घाटकोपरची प्रेमा तेवढी म्हणायची, "तुझा गरुड पंख कसा हलवत नाही रे कधी?"

"जळतेस तू," सीताराम म्हणायचा.

मी त्याला गरुड दाखवत राहिले. चिक्कीचा राग होता ना मला.

मे महिन्यात गोरेगावहून सिनेमावाले जंगलाच्या कुंपणालगत आले. नाचाच्या जागेत एक वठलेले झाड आडवे येत होते. करवतवाला पुढे झाला, तोच सीतारामने मला डोळ्यांना लावले.

"थांबा. ढोलीत धनेशाची मादी आहे, पिल्लं घेऊन. दार लिंपून कोंडून घेतलंय तिनं. झाड पडलं तर मेलीच."

"आणि वर गरुड असेल," प्रेमा म्हणाली. सगळे हसले. करवत बुंध्याला टेकली.

सीतारामने कधी नव्हे तो माझा पट्टा गळ्यातून काढला. "तूच बघ."

प्रेमाने एकेक डोळा मिटून पाहिले. "उजवीकडे मुंगी मेलीय, गाढवा. हाच तुझा गरुड." मग डाव्या काचेत ढोलीच्या फटीतून चोच बाहेर आली. प्रेमा तडक जाऊन झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, शिफ्ट संपेल आमची," सिनेमावाले ओरडले.

"मग दुसऱ्या झाडाखाली नाचा."

झाड वाचले. पण गरुडाची चारचौघांत मुंगी झाली, हे सीतारामला सोसले नाही; त्या दोघांचे फाटले ते फाटलेच. अजूनही ती मला त्याच्या हातात देत नाही; दगडावर ठेवते, मग तो उचलतो.

तेव्हा मित्रांनो, आमच्या काचा पुसत जा, झाकण लावत जा, खाऊ दुसऱ्या पिशवीत ठेवा. नाहीतर मी तुम्हाला रोज हत्ती दाखवीन. आणि खरा हत्ती येईल त्या दिवशी तुमचे कोणी ऐकणार नाही.