बोकडवाल्या काकू

मसाजीची बायको चंद्रभागा कावीळ होऊन गेली त्याला दीड महिना झाला होता. मसाजी सकाळी फाट्यावर धनसिंगच्या हॉटेलात चहा पीत बसला होता, आणि रेडिओतून ती बोलली.

"राँग नंबर लागला दादा. हितं कुणी बोकड इकत न्हाई."

मसाजीच्या हातातली बशी तशीच राहिली. बाकड्यावरच्या चार-पाच जणांनी माना वर केल्या. पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. दोघं हसायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यांचं लक्ष मसाजीकडे गेलं. धनसिंगनं उठून रेडिओ बंद केला.

"चालू ठेव," मसाजी म्हणाला.

"जाऊ द्या ना काका."

"चालू ठेव म्हनलं ना."

धनसिंगनं बटण फिरवलं तोवर जाहिरात लागली होती.

ती फिरकी पहिल्यांदा लागली दोन हजार आठच्या उन्हाळ्यात. झणका एफएमवर रोज सकाळी प्रमोद नावाचा पोरगा कुणालातरी फोन करायचा, खोटंनाटं सांगून पेटवायचा आणि शेवटी म्हणायचा, तुमची फिरकी घेतली. माणूस कशानं पेटतो हे घरच्यांनाच ठाऊक असतं, म्हणून नंबर घरच्यांकडूनच मागायचे. मसाजीच्या घरात नवा मोबाईल आला होता. हॉटेलात गप्पा रंगल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, मसाजीभाऊ, वहिनीचा द्या की. मसाजीनं दिला. वर कशावरून चिडते तेही सांगितलं.

त्याच्या दोन वर्षं आधी मसाजीचं आतडं फुटलं होतं. तो वाचला तेव्हा चंद्रभागेनं कळपातला चांगला बोकड देवाच्या नावानं सोडला. विकायचा नाही, कापायचा नाही. त्याच्या अंगावर कुणी काठी उगारली तरी ती भांडायला उठायची.

प्रमोदनं व्यापारी बनून फोन केला. तुमच्या मालकानं बोकड मला दिलाय, गाडी घेऊन येऊन राहिलो, दाव्याला बांधून ठेवा. चंद्रभागा आधी नीट बोलली. मग म्हणाली, तो देवाचा हाय, माझा मालक असं करायचाच न्हाई. प्रमोद म्हणाला, "अहो, तेच म्हणले, बायको येडी हाय, तिला इचारू नका."  यावर ती फुटली. त्याच्या सात पिढ्या तिनं काढल्या आणि शेवटी म्हणाली, "तू ये तर खरा. तुझ्या गाडीसकट तुला दावणीला बांधते, अन कडबा घालते."

दुसऱ्या दिवशी ते रेडिओवर लागलं तेव्हा हॉटेलात लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त मसाजी हसला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "ऐकलं का?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि भाकरी वाढली.

त्यानंतर ती जवळा बाजारला कधी गेली नाही. तिथं एका पोरानं तिला अडवून म्हटलं होतं, काकू, मला दावणीला बांधा ना. शेळ्या विकायला मसाजी एकटाच जायला लागला. मोबाईल वाजला तर ती हात पुसत बाहेर जायची, जणू गोठ्यात काम निघालं. मसाजीला वाटलं, बाईमाणूस आहे, रुसली असेल, विसरेल.

आता ती नव्हती, आणि तिचा आवाज मात्र कधीही यायचा. झणका एफएम जुन्या गाजलेल्या फिरक्या मधूनच लावायचं. दिवस ठरलेला नव्हता. मसाजीनं छोटा रेडिओ घेतला. केंद्र नांदेडचं, त्यामुळे गावात खरखर यायची, पण माळाच्या उंचवट्यावर नीट लागायचं. तो शेळ्या तिकडेच वळवायला लागला. महिन्यातून एखाद्या वेळी ती बोलायची. त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. आणि आठ-दहा दिवस ती बोलली नाही, तरी जायचं नाही.

तिचा एक फोटो होता, लग्नाचा. आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. जो होता तो भांडणाचा, आणि तो लागला की अख्खा जिल्हा तिला हसायचा.

शेवटी एका मंगळवारी त्यानं शेळ्या शेजाऱ्याच्या स्वाधीन केल्या आणि नांदेडची एसटी धरली. तिथं जाऊन ते बंद करा म्हणायचं, की मला काढून द्या म्हणायचं, हे त्याचं गाडीत बसेपर्यंत ठरलं नव्हतं. उतरेपर्यंतही ठरलं नाही.

झणका एफएमच्या ऑफिसात कळलं, प्रमोद नोकरी सोडून पुण्याला गेला होता. रेकॉर्डिंगचं काम पाहणारी साक्षी नावाची मुलगी बाहेर आली. मसाजीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"म्हणजे बोकडवाल्या काकूंचे मिस्टर?" ती हसून म्हणाली. "काकूंना पण आणायचं ना, काका."

"ती वारली. साल व्हईल आता."

मुलीचा चेहरा उतरला. "आम्हाला कुणी कळवलंच नाही," ती म्हणाली. त्याला आत नेऊन तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कॉम्प्युटरवर शोधता शोधता म्हणाली, "लावलेली फिरकी तीन मिनिटांची आहे. पण पूर्ण फोन सहा मिनिटांचा दिसतोय. शेवट कापलेला आहे. ऐकायचा आहे तुम्हाला?"

तिनं त्याच्या कानाला हेडफोन लावले.

दावणीपर्यंतचं सगळं तेच. मग प्रमोद हसत म्हणाला, काकू, मी झणका एफएममधून बोलतोय, तुमची फिरकी घेतली. तुमचा नंबर तुमच्या मालकांनीच दिला. त्यानंतर इतकी शांतता होती की मागे शेळी ओरडलेली ऐकू आली. आपल्या गोठ्यातली.

"येडी हाय असं ते खरंच म्हनले का?" चंद्रभागेनं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. घरात ती ज्या आवाजात बोलायची, तो.

"म्हणले की, काकू. चिडंल लवकर, म्हणले."

"बरं." मग म्हणाली, "दादा, हे रेडिओवर लावू नका. मी लई वंगाळ बोलले. लोक आमच्या मालकायला हसतील, म्हनतील बायको अशी कशी."

"त्यांचीच परवानगी आहे, काकू."

"त्यायनं लावा म्हनलं?"

"हो ना."

"मग काय. ठेवते."

मसाजीनं हेडफोन काढले नाहीत. आत काहीच वाजत नव्हतं, तरी तो तसाच बसून राहिला. साक्षीनं ते हळूच काढून घेतले तेव्हा तो म्हणाला, "तिला इचारलं न्हाई का कुणी?"

"घरच्यांनी हो म्हटलं की चालायचं, काका. तसंच करतात सगळे." ती टेबलाकडे पाहत होती. "मी तुम्हाला सीडी करून देऊ का? शेवटाचीच देते हवी तर. ती फिरकी लावायचं बंद करायला सांगते मी."

मसाजीला ती सीडी हवी होती. तो सूर, बरं म्हणायची ती तऱ्हा, ती शेळी. हात पुढे करायचा तेवढा बाकी होता. पण ज्या बाईनं नको म्हटलं होतं, तिचंच ते बोलणं घरी नेऊन रोज लावायचं, हे त्याला जमेना.

"पुसून टाका," तो म्हणाला. "दोन्ही."

"परत येणार नाही ते, काका."

"तिनं सांगितलंय."

साक्षीनं त्याच्यासमोर पुसलं. एवढ्याशा टकटकीत झालं.

कळमनुरीच्या स्टँडवर उतरून तो गावाच्या जीपची वाट पाहत बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तिशीतला माणूस पोत्याचं तोंड सुतळीनं शिवत होता. त्याच्या खिशातून चंद्रभागा बोलली.

"तू ये तर खरा. तुझ्या गाडीसकट तुला दावणीला बांधते."

त्या माणसाचे दोन्ही हात अडकले होते. ती पुन्हा बोलली. पुन्हा. सकाळपासून जे करून आलो ते सगळं मसाजी विसरला. त्या माणसानं फोन उचलू नये एवढंच त्याला वाटत होतं. पाचव्यांदा ती अर्ध्यावर तुटली. माणूस खताबद्दल काहीतरी बोलला आणि फोन खिशात टाकला.

"हे कुठून घेतलं तुमी?" मसाजीनं विचारलं.

"हे व्हय? बोकडवाल्या काकू. लई भारी हाय. देऊ का तुमाला?"

"माझी बायको हाय ती."

तो हसला. मग मसाजीच्या तोंडाकडे बघून थांबला.

"तिनं नको म्हनलं व्हतं," मसाजी म्हणाला. "मी लावा म्हनलं. नंबर मीच देल्ता. येडी बी मीच म्हनलो." हे त्यानं आजवर कुणापुढे बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःपुढेही नाही.

त्या माणसानं सुई पोत्यात खोचली आणि मोबाईल काढून बटणं दाबायला लागला. "काढून टाकतो काका. मला काय ठाऊक. मोबाईलच्या दुकानात गाणी भराया गेल्तो, त्यानंच संगं टाकून देलं. सगळ्यायलाच देऊन राहिला तो."

"कुठं हाय त्याचं दुकान?"

"मार्केटात, बियाण्याच्या दुकानाला लागून. पर काका, किती जनाच्या फोनातून काढसाल?"

 स्टँडबाहेर गावाची जीप येऊन हॉर्न वाजवत होती, ड्रायव्हर त्याला नावानं हाक मारत होता. जा म्हणून मसाजीनं हात केला, आणि मार्केटचा रस्ता धरला.