नुसतं चार

दोघी जावांमध्ये विस्तव जात नव्हता. थोरली शीतगृहाचं ऑफिस बघायची. फोन घ्यायचे, ट्रक कधी येणार नि कधी सुटणार ते ठरवायचं, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. धाकटी खोल्या बघायची. जाड जॅकेट चढवून आत शिरायचं, खोकी लावून घ्यायची, पंख्यावर जमलेला बर्फ खरवडायचा, दाराच्या रबरातून गारवा सुटतोय का ते हात फिरवून पाहायचं. थोरली तिला ‘आमची बर्फवाली’ म्हणायची, आणि ते तिच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात. धाकटीनेही थोरलीला ‘राणीसरकार’ असं नाव ठेवलं होतं. ते थोरलीला ठाऊक होतं. एकाच घरात वरच्या मजल्यावर एक नि खालच्या मजल्यावर दुसरी, पण एकीचा कुकर वाजला की दुसरी खिडकी लावून घ्यायची.

शीतगृह सासऱ्यांनी उभारलेलं, घराच्या मागच्या आवारात. मासे, मांस, मटार, मक्याचे दाणे, सगळा माल दगडासारखा गोठवलेला. त्यामुळे त्या आवारात ‘मायनस’ हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. “पहिलीत किती?” “वीस.” “दुसरीत?” “अठरा, उतरतंय अजून.” वीस म्हणजे शून्याच्या खाली वीस, हे काय सांगायचं? आकडा जेवढा मोठा तेवढी थंडी जास्त, एवढं कळलं की काम भागत होतं. धाकटीचा नवरा तर शाळेतून आला की दप्तर फेकून तिथेच खेळत मोठा झालेला. त्याच्या लेखी शून्याच्या वरचं तापमान हे बाहेरच्या जगाचं.

त्या वर्षी थोरलीने औषधांच्या एका वितरकाचं काम मिळवलं. इन्शुलिनची खोकी ठेवायची. त्यासाठी शेवटची खोली रिकामी करून घेतली. वितरक स्वतः येऊन सांगून गेला, “दोन ते आठ. शून्याच्या वर. एकदा गोठलं की ते औषध राहिलं नाही, मग पुन्हा कितीही नीट ठेवा.” थोरलीने मान डोलावली. धाकटी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या वडिलांना रोज सकाळी तीच सुई टोचून घ्यावी लागे, त्यामुळे तिला ते नव्याने सांगायची गरज नव्हती.

पहिला मोठा माल आला तेव्हा धाकटी नेमकी वडिलांकडे गेली होती. खोकी उतरवताना शेवटच्या खोलीचं दार बराच वेळ सताड उघडं राहिलं. आतलं तापमान दहावर चढलं. थोरलीने ऑफिसातूनच दिराला फोन लावला.

“भावोजी, शेवटची दहावर गेलीय. चारवर आणा.”

“आणतो,” तो म्हणाला.

त्याने दाराशेजारच्या, तापमान लावायच्या डबीवरचं खालच्या बाणाचं बटण दाबून धरलं. लाल आकडे उतरत गेले. शून्य आलं, गेलं. चार दिसल्यावर त्याने बोट उचललं. समोर एक बारीक आडवी रेघ होती, पण त्याने जन्मभर बघितलेल्या प्रत्येक आकड्याच्या पुढे ती रेघ होतीच. त्याने दार लावलं, हात पुसले आणि जेवायला गेला.

सकाळी धाकटी परतली ती थेट आवारात. शेवटच्या खोलीपाशी थोरली उभी होती. थोरली तिथे कधी येत नसे, गारठ्याने तिचे गुडघे धरायचे. तिचं बोट वरच्या बाणावर होतं. धाकटीच्या डोळ्यांदेखत आकडे बदलत होते. मायनस चार, मायनस तीन, मायनस दोन. शून्य. मग एक, दोन, तीन, चार. थोरलीने बोट काढलं आणि वळली.

“काय करताय जाऊबाई?”

“तुझं काम. तू माहेरी मजा मारत होतीस ना.”

“डबीवर मायनस चार होतं.”

“काही नव्हतं. चार होतं, चार आहे.”

“मी बघितलं.”

“प्रवासातून आलीयस, डोळे धुऊन ये.”

धाकटीने तिला खांद्याने बाजूला सारलं, दाराचा दांडा खेचला आणि आत गेली. थंडी जॅकेटशिवाय अंगाला चावली. रोजच्या त्या खोलीची थंडी तिला पाठ होती. ही ती नव्हती. भिंतीवरच्या साध्या पाऱ्याच्या तापमापीत पारा शून्याच्या खाली, चारच्या खुणेशी बसला होता. पंख्याखालचं एक खोकं तिने फोडलं, एक बाटली उजेडात आणली. आत पांढरा खडा होता.

बाहेर येऊन तिने बाटली थोरलीपुढे धरली. थोरलीने बघितलं नाही. तिने दार ओढून लावलं आणि दांड्याला पाठ टेकवून उभी राहिली.

“हे बघ, औषधं न्यायला ट्रक अर्ध्या तासात येतोय. आता चारवर लावलंय. दुपारपर्यंत सगळं वितळून जसंच्या तसं होईल. खाली गेलं होतं, वर आलं. झालं, मिटलं.”

“आकडा वर येईल. औषध येणार नाही.”

“तू डॉक्टर कधीपासून झालीस?”

“वितरक तुमच्यासमोरच बोलून गेला! तुम्ही मान हलवत होतात, नंदीबैलासारखी!”

त्या आवाजाने घरातली पुरुषमंडळी बाहेर आली. सासरे बनियनवर, थोरला दाढीचा साबण गालावर घेऊन, आणि सगळ्यांच्या मागून धाकटीचा नवरा. त्याने धाकटीच्या हातातली बाटली पाहिली, डबीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. काय झालं ते त्याच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. तो दोन पावलं मागे सरकला.

“हिने सकाळी सकाळी तमाशा मांडलाय,” थोरली म्हणाली. “भावोजींना मी चारवर आणा म्हटलं, त्यांनी आणलं. जरा खाली गेलं असेल.”

“जरा?” धाकटी म्हणाली.

थोरला पुढे आला. घरात हिशेब त्याच्याकडे, आणि हिशेबात आपल्याला कुणी बोट दाखवू शकत नाही असा त्याचा समज. “दहा होतं ना? दहाचं चार झालं. म्हणजे सहा अंश उतरलं. सहा अंशांनी काय आभाळ कोसळतं?”

“दादा, दहावरून शून्यावर यायला दहा, आणि शून्यावरून मायनस चारवर जायला आणखी चार. चौदा उतरलं. सहा नव्हे.”

“बरं, चौदा. तरी सरासरी काढ. संध्याकाळी दहा, रात्री मायनस चार. दोन्ही मिळून सहा, भागिले दोन, तीन. त्यांना दोन ते आठ हवं होतं. तीन बसतं की नाही त्यात?”

त्याला स्वतःचंच बोलणं इतकं पटलं की तो बापाकडे बघून हसला. सासऱ्यांनी हुंकार भरला. सुटकेचा रस्ता कुणीतरी दाखवतोय म्हटल्यावर माणूस जसा हुंकारतो तसा.

“सरासरी कोणाला टोचणार आहात?” धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. “बाटली काल दहावर होती ती गेली का कुठे? तीच बाटली रात्रभर खाली होती. मशीन तासाला दोन अंश उतरवतं, हे तुम्हीच मला शिकवलंत, बाबा. सातला लावलं असेल तर बाराला शून्य, दोनला मायनस चार. आता आठ वाजलेत. आठ तास ती शून्याच्या खाली पडून आहे. आणि तुम्ही म्हणता तीन!”

आपल्याच शब्दांत अडकवलेलं सासऱ्यांना आवडलं नव्हतं, ते त्यांच्या जबड्यावर दिसत होतं.

“सगळी थोडीच गोठली असतील,” थोरली म्हणाली. “पंख्याखालची गोठली असतील. मधली तर एकदम चांगली.”

“मधली कुठली? तुम्ही ओळखून देता मला एकेक? वितळल्यावर एखादीत दाणे दिसतील, एखादीत काहीसुद्धा दिसणार नाही. माझे वडील ती घेतील, साखर उतरणार नाही, आणि कुणाला कळणारही नाही का ते.”

“आलं! बापावर आलं!” थोरलीने हात आपटला. “मला वाटलंच होतं. सासरचं घर बुडालं तरी चालेल, बापाची सुई महत्त्वाची!”

फाटकाबाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. थोरली दांडा सोडून फाटकाकडे निघाली. धाकटीने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घेतली. थोरली परत फिरली, तिने धाकटीचं मनगट धरलं आणि बोटं उघडायला लागली. दोघी बाया त्या ओल्या फरशीवर एकमेकींना रेटत होत्या, आणि तीन पुरुष पुतळ्यांसारखे उभे होते. थोरलीची नखं रुतली. धाकटीने मूठ सोडली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, बोला ना. तुम्ही काय लावलंत?”

तो जमिनीकडे बघत राहिला.

“बोला!”

“वहिनी चार म्हणाल्या,” तो पुटपुटला. “मी चार लावलं.”

“मायनस चार?”

“इथे काय प्लस लावतं का कुणी?” तो एकदम ओरडला, आणि ओरडला तो तिच्यावर. “नुसतं चार म्हणाल्या त्या!”

“म्हणजे खापर माझ्यावर!” थोरलीने मनगट सोडलं आणि ती दिराकडे वळली. “लहान बाळ आहात का तुम्ही? औषधांची खोली आहे हे माहीत नव्हतं?”

त्या दोघांची जुंपली तेवढ्यात धाकटीने वितरकाला फोन लावला. चार वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, “ट्रक भरू नका. मी येतो.” फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं की आवार गप्प झालंय. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या नजरांत तिच्यासाठी जराही जागा नव्हती.

वितरक आला तो तोंडात शिव्या घेऊनच. तो आभार मानेल असं धाकटीला वाटलं असेल, तर ते राहून गेलं. त्याने खोकी फोडून पाहिली, सगळा माल बाद म्हणून बाजूला काढायला लावला, नष्ट करायला नेला, नुकसान भरून घेईन म्हणाला आणि काम काढून घेतलं. जाताना धाकटीपाशी थांबला. “तुम्ही काल कुठे होता?” एवढंच विचारलं. तिने सांगितलं. “हं,” म्हणून तो गाडीत बसला.

मग घरात जे सुरू झालं ते थांबेचना. थोरली आल्यागेल्याला सांगायची की हिने एक फोन करून घराची अब्रू वेशीवर टांगली. थोरला जेवताना ताट आपटायचा. सासरे धाकटीला हाक मारायचे बंद झाले. काही हवं असेल तर भिंतीला उद्देशून बोलायचे. नवऱ्याचं सगळ्यात वाईट होतं. तो बोलायचा, पण एकच.

“मला एकट्यात सांगायचंस.”

“एकट्यात सांगून तुम्ही काय केलं असतं?”

त्यावर तो पाठ करून झोपायचा. एकदा मात्र अंधारात म्हणाला, “ट्रक भरला असता मी.” तिला ते आधीच माहीत होतं. त्याने ते बोलून दाखवलं याचं मात्र तिला नवल वाटलं, आणि रागही आला, कारण आता त्याच्यावर धड चिडताही येईना.

शेवटी सासऱ्यांनी वाटणी केली. गोठवलेल्या मालाच्या सगळ्या खोल्या थोरल्याकडे. शेवटची खोली धाकट्याकडे. “हिला फार कळतं ना त्यातलं? मग घे म्हणावं ती,” असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. रिकामी, बदनाम खोली. तिला गिऱ्हाईक कोण देणार? थोरलीने दुसऱ्याच दिवशी मधे पत्रे ठोकून घेतले, आणि हमालांना बजावलं की पलीकडच्या मालाला जो हात लावेल त्याला अलीकडे काम नाही.

खोली बरेच दिवस नुसती भणाणत राहिली. धाकटी रोज उघडायची, पुसायची, लावायची. पत्र्यापलीकडून थोरली मोठ्याने विचारायची, “काय गं, हवा साठवतेस का?” धाकटीही तितक्याच मोठ्याने सांगायची, “हो, तुमच्या तोंडची गरम हवा थंड करायला ठेवलीय.”

मग एक रोपवाटिकावाला आला. फुलझाडांचे कंद ठेवायचे होते त्याला, शून्याच्या थोडं वर, लावणीपर्यंत. त्याला या घराची भानगड ठाऊक होती, आणि म्हणूनच तो आला होता. “जी बाई सगळ्यांशी भांडून माल फेकायला लावते,” तो म्हणाला, “ती माझे कंद गोठवणार नाही.” तो हसून म्हणाला, तिला हसू आलं नाही.

क्रेट घेऊन टेम्पो फाटकाशी लागला. हमाल पत्र्यापलीकडे बिड्या ओढत बसले होते. एकही उठला नाही. थोरली ऑफिसच्या दारात हाताची घडी घालून बघत होती. धाकटीने पहिला क्रेट एकटीने उचलायचा प्रयत्न केला. तो मातीसकट भरलेला, जड होता. तो जेमतेम हलला. तिने पदर खोचला आणि पुन्हा वाकली.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाला नवऱ्याचे हात आले. तो कधी आला ते तिने पाहिलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. दोघांनी क्रेट उचलला. पत्र्यापलीकडून कुणीतरी शीळ घातली, थोरली काहीतरी बोलली, हमाल हसले. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्याने हात सोडले नाहीत. तो उलटा चालत होता, ती समोरून रेटत होती. खोलीच्या दाराशी पोचल्यावर तो थबकला.

“उंबरा आहे,” तो म्हणाला. “पाय उचल.”

तिने पाय उचलला. टेम्पोत अजून बरेच क्रेट होते.