पांढरी राहिलेली पट्टी

"घ्या की! सगळे थांबलेत," बायकोनं कोपर मारलं.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं होतं. वाफवाल्या काकांनी ते तसंच पुढं सरकवलं. आधी आपापलं मन तपासा, असं पाळक दर महिन्याला सांगत. काकांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. पण आज मंडळीचे पंच म्हणून त्यांचं नाव पुकारलं गेलं. इतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, असं कुणीतरी म्हणालं, आणि काकांना भाकरी घेववेना.

इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणं हे त्यांचं काम, म्हणून ते वाफवाले काका. डब्यावर पांढरी पट्टी लावायची. वाफ पुरी बसली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. मग ती वहीत डकवायची. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी यंत्र रुसलं, डॉक्टर घाईला आले, पट्टी पांढरीच राहिली. काकांनी आदल्या दिवशीची उरलेली काळी पट्टी डकवली आणि डबा धाडून दिला. रुग्णाची जखम चिघळली, पाय कापावा लागला. वही चोख होती. मग खापर फुटलं शस्त्रक्रियेला मदतीला असलेल्या नर्सच्या, सिस्टरच्या डोक्यावर. हिनंच हात नीट धुतले नसतील, म्हणून तिला शस्त्रक्रियेच्या कामावरून काढलं. ती याच चर्चमध्ये, दोन बाकं पुढं बसे.

उपासना संपताच काका उठले.

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत," बायको कुजबुजली. "देवाला ठाऊक आहे ना सगळं? मग झालं तर!"

"देवाला आहे. सिस्टरला नाही."

बाहेर पायरीवर त्यांनी सिस्टरला गाठलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "पंच व्हायचं नाही म्हणून पाळकांना कळवतो. उद्या इस्पितळाच्या साहेबांना लेखी देतो. काय व्हायचं ते होऊ दे."

सिस्टरनं विचारलं,

"पांढरी होती? नक्की?"

"नक्की."

तिनं हात पुढं केले. धुऊन धुऊन कातडी सोललेली, पेरं तडकलेली.

"नात चार महिन्यांची झाली, भाऊ. या हातांनी अजून उचलून घेतली नाही मी."

काकांनी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात सिस्टरची मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली. सिस्टरनं काकांकडे पाठ फिरवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दे इकडे तिला."

मुलगी आईकडे बघतच राहिली.