कुंपण नसलेलं फाटक

"आत सोडलंच न्हाई गुरुजी," सर्जेराव कौतुकानं सांगत होता. "वॉचमन म्हणला, अपॉइंटमेंट हाय का? धा मिन्टं उन्हात उभं केलं. लय भारी शाळा."

शाळा शिरूरची, इंग्रजी माध्यमाची. हौसराव गुरुजींची वस्तीवरची, जिल्हा परिषदेची. यंदा पट एकोणीस होता. वीस झाला नाही तर रश्मीबाईंची बदली होणार होती आणि चारही वर्ग एकट्या गुरुजींच्या गळ्यात पडणार होते. विसावा म्हणजे सर्जेरावचा रविराज.

"सर्जा, आपली दोन पोरं स्कॉलरशिपला लागली."

"लागली असतील. पन तुमच्यात कुनीबी शिरतंय. परवा माझी म्हैस तिसरीत बसली व्हती."

हे खरं होतं. म्हैस शांत बसली होती, म्हणून गुरुजींनी तिला उठवलं नव्हतं.

"शिकवता चांगलं, शंका न्हाई. पन समदी अनवाणी पोरं. आमच्या रवीनं त्यांच्यात बसायचं व्हय?"

सर्जेराव याच शाळेत, अनवाणीच, चौथी पास झाला होता. गुरुजींनी तो विषय काढला नाही.

रविवारी त्यांनी भंगारातून एक लोखंडी फाटक आणलं. शाळेला कुंपण नव्हतं. मोकळ्या मैदानात दोन खांब रोवून फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. सोमवारी खिचडी शिजवणाऱ्या नकुशीमावशी शिट्टी घेऊन फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. पोरं बाजूनं आत गेली.

फाटकाची बातमी ऐकून सर्जेराव आला.

"अपॉइंटमेंट हाय का?"

"आगं काकी, मी सर्जा."

"वळखत न्हाई," त्याची सख्खी चुलती म्हणाली.

सर्जेराव फाटकासमोर उन्हात उभा राहिला. बाजूनं जाणं त्याच्या मनातही आलं नाही. अकराव्या मिनिटाला आत घेतल्यावर त्यानं रविराजचं नाव घातलं.

दुपारी गुरुजींनी पोरं मोजली. धुरपदाची मोनाली आली नव्हती. धुरपदा उसात खुरपत होती आणि मोनाली बांधावर काडीनं सतराचा पाढा लिहीत होती.

"आलो व्हतो की," धुरपदा म्हणाली. "सर्जेरावाला भाईर उभं केल्यालं बघितलं आन् माघारी फिरलो. त्यास्नी घेईनात, तितं आमचं काय काम? शाळा लय भारी झाली गुरुजी."

तिनं हे अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. गुरुजींनी वाकून पाढा शेवटपर्यंत वाचला. पाढा बरोबर होता.

"उद्या पाठव," ते म्हणाले. "फाटक नसंल."

मंगळवारी सर्जेराव रविराजला घेऊन आला. फाटक शाळेपुढच्या चिखलाच्या चरावर आडवं टाकलेलं होतं आणि पोरं त्यावरून आत जात होती. रविराजचा नवा बूट गजांत अडकला. पलीकडून मोनालीनं हात पुढे केला.

"बूट काढ आन् ये."

त्यानं काढले.

सर्जेराव बूट हातात धरून चराच्या अलीकडे थांबला. आज त्याला कुणी अडवलं नव्हतं. आत हजेरी सुरू झाली. विसावा "हजर" ऐकू येईपर्यंत तो तिथंच उभा होता.