‘टेकू’ खेळावरचं नाव

बायको सुलक्षणा गेली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. पहूरच्या घरात जीवराम एकटेच असायचे. अशात एक दिवस धुळ्याहून हितेंद्र नावाच्या कॉलेजातल्या मास्तरांचा फोन आला. ‘टेकू’ नावाचा कॉम्प्युटरचा जुना खेळ तुम्हीच बनवला ना, असं ते विचारत होते.

“मी केळीवाला माणूस, भाऊ,” जीवराम म्हणाले. “खेळ आमच्या मंडळींनी बनवला होता.”

मग त्यांनाच फोन द्या, असं हितेंद्र म्हणाले, आणि जीवरामांना ती गोष्ट आणखी एकदा तोंडाने सांगावी लागली.

पहिल्या बाळंतपणाला सुलक्षणा धुळ्याला माहेरी गेली होती. शेजारच्या माडीवर नवीनच कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. घरात बसून कंटाळा येतो म्हणून ती तिथे जाऊ लागली. लेकीला, भूमिकाला घेऊन परत आली तेव्हा तिथे बनवलेल्या खेळाचं तिने सगळं सांगितलं होतं. खेळात वादळ येतं, केळीची झाडं वाकतात, आपण पळत जाऊन त्यांना बांबूचा टेकू लावायचा.

जीवराम हसले होते. इथे खरे टेकू लावायला माणूस मिळत नाही आणि तू टीव्हीत लावतेस, म्हणाले होते. “तिथला माणूस मजुरी मागत नाही,” ती म्हणाली होती. पुढे तो क्लास बंद पडला. खेळ जीवरामांनी कधी पाहिलाच नाही.

आता पाहायला मिळणार म्हणून ते एसटीने धुळ्याला गेले. हितेंद्रांच्या खोलीत जुने कॉम्प्युटर भिंतीला लावून ठेवले होते. त्यातला एक नुसता कीबोर्डसारखा दिसत होता. त्याला एक टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर जोडला होता. तेव्हा खेळ गाण्यांसारखे कॅसेटमध्ये भरलेले असत; या खेळाची कॅसेट रद्दीत सापडली होती. असले जुने खेळ हितेंद्र इंटरनेटवर ठेवायचे, कोणीही फुकट घ्यावेत म्हणून. बरेच लोक न विचारताच ठेवतात, पण ते तसं करत नव्हते.

“कॉम्प्युटर भंगारात गेला म्हणून हक्क भंगारात जात नाही, आबा,” ते म्हणाले. काकू क्लासच्या पगारावर नव्हत्या, तेव्हा हक्क त्यांचाच. त्यांच्यामागे तुमचा आणि तुमच्या मुलीचा. तुम्ही दोघं नाही म्हणालात तर कॅसेट कपाटात राहील. भूमिकाने फोनवर आधीच सांगितलं होतं, पप्पा म्हणतील तसं.

कॅसेट लावली. टेपरेकॉर्डर बराच वेळ किंचाळत राहिला. मग टीव्हीवर हिरवी केळी उभी राहिली. वर लिहिलं होतं ‘टेकू’ आणि खाली ‘जीवराम, पहूर’.

“हिचं नाव कुठंय?” जीवरामांनी विचारलं.

तिचं नाव कुठेच नव्हतं. बाईने बनवलं म्हटलं तर लोक घेणार नाहीत, असं क्लासवाल्याला वाटलं असेल, हितेंद्र म्हणाले.

“माझं काढा. तिचं टाका. मग देतो परवानगी.”

हितेंद्र घुटमळले. जुनी वस्तू आहे तशी ठेवायची असते, एक अक्षरही हलवायचं नसतं, नाव आपण बाजूला लिहू, असं त्यांनी समजावून पाहिलं.

“घर माझ्या नावावर, शेत माझ्या नावावर,” जीवराम म्हणाले. “हे तरी तिचं राहू द्या.”

“हक्क तुमना शे, आबा,” हितेंद्र हळूच म्हणाले. त्यांनी खेळाची दुसरी प्रत काढली आणि तिच्यात नाव बदललं. पडद्यावर ‘सुलक्षणा’ आलं. अक्षरं सरळ आणि सारखी होती. जीवराम बघत राहिले. त्यांना काहीच वाटलं नाही. पहिलं पुन्हा दाखवा, म्हणाले.

हितेंद्रांनी दाखवलं. दाखवताना सांगितलं की या कॉम्प्युटरात मराठी अक्षरं नव्हतीच. एकेक अक्षर आधी चौकटीच्या कागदावर काढायचं, घरं मोजायची, मग आत भरायचं.

जीवराम उठून टीव्हीजवळ गेले. ‘म’ची गाठ मोठी होती. ‘र’चं शेपूट बाहेर वळलेलं होतं. दारापुढे रांगोळीत ती ‘श्रीराम’ लिहायची, त्यातला ‘राम’ असाच दिसायचा.

“हे क्लासवाल्याचं नाही,” ते म्हणाले. “तिच्या हातचं आहे.”

लग्नात उंबऱ्यावर बायकांनी तिला नाव घ्यायला अडवलं होतं. ती इतकी हळू पुटपुटली की कोणालाच ऐकू आलं नाही. पुन्हा घे म्हणाल्या, तर “माले लाज वाटस” म्हणून ती तशीच आत आली. त्यानंतर जन्मभर ‘अहो’. चार लोकांत ‘भूमिकाचे पप्पा’. शेवटी दवाखान्यात नर्सने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही तिने नुसतं जीवरामांकडे बोट केलं होतं. आणि दिवस भरत आलेले असताना, माहेरी बसून, तिने त्याच नावाची घरं मोजली होती.

“राहू द्या तसंच,” जीवराम म्हणाले. “फुकट द्या, मागेल त्याला द्या. बाजूला तेवढं लिहा, सुलक्षणाने बनवला.”

हितेंद्रांनी त्यांना खुर्ची दिली, कोणतं बटण दाबायचं ते सांगितलं. वादळ आलं. बोटं वेळेवर पोचेनात. एकामागून एक सगळी झाडं पडली आणि पडदा काळा झाला. मग पुन्हा पहिलं चित्र आलं. जीवराम, पहूर.

परत खेळता का, हितेंद्रांनी विचारलं. जीवरामांनी नकारार्थी मान हलवली. एवढंच राहू द्या थोडा वेळ, म्हणाले.

हितेंद्र चहा सांगायला बाहेर गेले. खोलीत कोणी नाही असं पाहून जीवरामांनी पडद्याकडे तोंड करून ओ दिली.